तीळ ओळखा, पारखा, मगच काढा

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड, मुंबईच्या उपनगरांतील कोणत्याही मोठ्या स्टेशनाबाहेर पडावे, तर दुकानांच्या आणि पार्लरांच्या गर्दीत कोठेतरी अशी पाटी दिसते : ‘तीळ, मस, चामखीळ पाच मिनिटांत काढून मिळेल.’ या पाटीत खोटे असे काही नसते. विजेने तापवलेल्या सुईने बारीकसा तीळ खरोखरच पाच मिनिटांत जळून जातो. प्रश्न वेगळाच आहे. जे जळाले ते काय होते? तीळ होता, चामखीळ होती, की तिसरेच काही होते? एकदा राख झाल्यावर हे सांगणारा पुरावा मागे राहत नाही.

म्हणून या लेखात आपण तीन गोष्टी त्यांच्या योग्य क्रमाने पाहू. अंगावरची खूण ओळखावी कशी, ती पारखावी कशी, आणि काढायचीच झाली तर ती कोणी व कशी काढावी. अंगावरच्या खुणांपैकी बहुतेक सर्व निरुपद्रवी असतात. पण ‘बहुतेक सर्व’ आणि ‘सर्व’ या दोहोंत जे थोडे अंतर आहे, त्यासाठीच हा क्रम पाळायचा असतो.

तीळ म्हणजे काय?

तिळाच्या दाण्याएवढा काळा ठिपका, म्हणून तीळ. नाव तर नेमके आहे. पण त्याच्या आत असते काय?

आपल्या त्वचेचे दोन मुख्य थर आहेत. वरची ती बाह्यत्वचा आणि तिच्याखालची ती अंतस्त्वचा. बाह्यत्वचा फारच पातळ असते. तळहात व तळपाय सोडले, तर तिची जाडी सरासरीने मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे वहीच्या पानाएवढी भरते. तिच्या अगदी तळच्या ओळीत, सुमारे दहा पेशींमागे एक या प्रमाणात, रंगपेशी बसलेल्या असतात. रंगपेशीला कोळ्याच्या पायांसारख्या फांद्या असतात. मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचे कण ती तयार करते आणि या फांद्यांवाटे आजूबाजूच्या तीस-चाळीस पेशींना वाटते. ज्या पेशीला हे कण मिळतात ती त्यांना आपल्या केंद्रकावर छत्रीसारखे धरते. त्यामुळे उन्हातील अतिनील किरणांपासून केंद्रकातील जनुकांचे रक्षण होते.

येथे एक मौज सांगितली पाहिजे. गोऱ्या माणसाच्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेतील रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो रंगकणांच्या आकारात आणि प्रमाणात. रंगावरून माणसामाणसांत केवढा भेद केला जातो, आणि त्याचे मूळ मात्र एवढेसे!

रंगपेशी सामान्यतः एकमेकींपासून दूर, सुट्या बसतात. काही ठिकाणी मात्र एकाच रंगपेशीपासून अनेक पेशी होऊन त्यांचा घोळका जमतो. हा घोळका म्हणजेच तीळ. हे का घडते याचा उलगडा अलीकडचा आहे. बहुतेक साध्या तिळांच्या पेशींत ‘बी-रॅफ’ नावाच्या जनुकात एक विशिष्ट बदल झालेला असतो, असे २००३ मध्ये दिसून आले. नवल असे, की हाच बदल मेलॅनोमा या रंगपेशींच्या कर्करोगातही वारंवार आढळतो. मग प्रत्येक तिळाचा कर्करोग का होत नाही? मुंबईच्या लोकलने लाल सिग्नल ओलांडला, तर तिला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते. पेशीतही तशीच व्यवस्था आहे. बदल झालेली रंगपेशी काही वेळा विभागते. पण लवकरच पेशीतील दुसरी जनुके ब्रेक लावतात आणि विभाजन थांबते. तीळ म्हणजे अशी ब्रेक लागून उभी राहिलेली गाडी. ती वर्षानुवर्षे तशीच उभी राहते. मेलॅनोमा होण्यास एकच बदल पुरत नाही. ब्रेकही निकामी व्हावे लागतात.

तिळाचे आयुष्यही पाहण्यासारखे असते. लहानपणी तो सपाट आणि गडद असतो, कारण घोळका बाह्यत्वचेच्या तळाशीच असतो. वाढत्या वयात काही पेशी अंतस्त्वचेत उतरतात. मग तीळ थोडा उंच होतो आणि त्याचा रंग उतरू लागतो. साधारणपणे तिशी-चाळिशीपर्यंत नवे तीळ येत राहतात. म्हातारपणी काही नाहीसेही होतात. म्हणजे तुमच्या वयात एखादा नवा तीळ उगवला किंवा उंचीबरोबर जुना तीळ किंचित वाढला, तर त्यात वावगे काही नाही. तिळावर केस असणे हेही घाबरण्याचे लक्षण नाही.

रंगावरून खोली

काही तीळ काळे, काही तपकिरी, तर काही चक्क निळे का दिसतात? रंगद्रव्य सर्वांत एकच, मेलॅनिन. फरक पडतो तो खोलीमुळे.

याचे उत्तर तुमच्या आजीच्या हातावरील गोंदणात आहे. गोंदणात परंपरेने वापरली जात असे ती काजळी, म्हणजे काळा कुळकुळीत कार्बन. तरी गोंदण हिरवट-निळसर दिसते. गोंदणाची सुई काजळी अंतस्त्वचेपर्यंत नेते. त्वचेवर पडलेल्या पांढऱ्या प्रकाशातील तांबडे किरण खोलवर जातात आणि काजळीत शोषले जातात. निळे किरण मात्र वाटेतच विखुरले जाऊन बरेचसे परत आपल्या डोळ्यांकडे येतात. म्हणून खोलवरचे काळे आपल्याला निळे दिसते. मेलॅनिनचेही तसेच. वरच्या थरात असले तर काळे-तपकिरी, खोल असले तर निळसर.

पुष्कळ तान्ह्या बाळांच्या कमरेखाली निळसर डाग असतो, तोही याच कारणाने निळा. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून सर्व त्वचेपर्यंत प्रवास करतात. त्यांतल्या काही वाटेतच, अंतस्त्वचेत, मुक्काम करतात. बहुतेक मुलांत हा डाग पहिल्या काही वर्षांत आपोआप विरून जातो. तो मार लागल्याचा वण नव्हे आणि कसला दोषही नव्हे.

तिळाचे सोबती

लोक ज्याला तीळ किंवा मस म्हणतात, त्यात अनेक निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करता आल्या पाहिजेत, कारण प्रत्येकीचा उपाय वेगळा.

खरी चामखीळ विषाणूमुळे होते. तो मानवी पॅपिलोमा विषाणू. त्याचे दोनशेच्या वर प्रकार माहीत आहेत. ही चामखीळ खरखरीत असते. तिच्यावरून त्वचेच्या रेषा जात नाहीत, आणि भिंगातून पाहिले तर आत काळे बारीक ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे साकळलेल्या केशवाहिन्या. चामखीळ संसर्गजन्य असते; ती खाजवल्याने, कुरतडल्याने पसरते. मुलांमधील निम्म्याहून अधिक चामखिळी दोन वर्षांच्या आत आपोआप जातात.

मानेवर व काखेत बारीक देठाने लोंबणारा मऊ दाणा हा वेगळाच. त्यालाही लोक चामखीळच म्हणतात, पण त्यात विषाणू नसतो. ती केवळ त्वचेची घडी असते. असे दाणे पुष्कळ असतील आणि सोबत मान मखमलीसारखी जाड व काळी झाली असेल, तर ती मान घासून स्वच्छ होणार नाही, कारण तो मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी रक्तातील साखर तपासून घेणे हिताचे.

मोठ्या माणसांच्या गालांवर, डोळ्यांभोवती येणारे काळे बारीक दाणे हे बाह्यत्वचेची साधी वाढ असतात. ते सावळ्या वर्णाच्या लोकांत विशेष दिसतात आणि बहुधा घराण्यात चालत येतात. लाल तीळ हा तर तीळच नव्हे. तो रक्तवाहिन्यांचा इवलासा गुंता असतो. पारदर्शक काच त्यावर हलकेच दाबली, तर रक्त बाजूला सरून तो बहुधा फिकट पडतो. तिळाचा रंग असा दाबाने जात नाही.

सगळ्याच खुणा काळ्या नसतात, हेही शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. मुलांच्या गालांवरचे फिकट पांढरट चट्टे पाहून ‘जंत झाले’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे; त्या चट्ट्यांचा जंतांशी संबंध नसतो. पावसाळ्यात पाठीवर येणारी शिबे एका जातीच्या बुरशीने होतात. पण फिकट किंवा तांबूस चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर मात्र लगेच डॉक्टरकडे जावे. तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावर सरकारी केंद्रांत मोफत औषध मिळते आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

पारखण्याच्या पाच कसोट्या

सोने कसोटीवर घासून पाहतात. तिळासाठीही कसोट्या आहेत. १९८५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञांनी इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या चार अक्षरांवर बसवलेल्या चार कसोट्या मांडल्या. २००४ मध्ये पाचवीची भर पडली. मराठीत त्या अशा सांगता येतील : आकार, कड, रंग, रुंदी आणि बदल.

तिळाच्या मधोमध रेघ कल्पून पाहा. दोन्ही अर्धे सारखे आहेत का? कड स्वच्छ आहे, की फाटक्या कागदासारखी? रंग एकच आहे, की काळा, तपकिरी, लाल, निळा अशी सरमिसळ आहे? रुंदी ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरापेक्षा, जास्त आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्यात बदल होतो आहे का? वाढ, खाज, रक्त येणे, खपली धरून पुन्हा पुन्हा निघणे, हे सारे बदलात मोडते.

आणखी एक सोपी युक्ती आहे. एका माणसाचे तीळ बहुधा एकमेकांसारखे दिसतात. त्या कुटुंबात एखादाच निराळा दिसला, बदकाच्या पिल्लांतील त्या कुरूप पिल्लासारखा, तर तो आधी दाखवावा. गोष्टीतला पुढे राजहंस निघाला; येथेही तो बहुधा निरुपद्रवीच निघतो. पण खात्री डॉक्टरांनी करायची.

डॉक्टर ही पारख कशी करतात? त्यांच्याकडे दहा पट मोठे दाखवणारे, प्रकाशाची सोय असलेले भिंग असते. साध्या भिंगातून त्वचा पाहिली, तर पृष्ठभागावरून परतणाऱ्या चकाकीमुळे आतले दिसत नाही. म्हणून त्वचेवर तेलाचा किंवा द्रवाचा थेंब सोडतात किंवा ध्रुवित प्रकाश वापरतात. तुम्हीही एक प्रयोग करा. हातावरच्या तिळावर खोबरेल तेलाचा एक थेंब टाका आणि शाळेतील दहा पटींच्या भिंगातून भर प्रकाशात पाहा. हवा आणि त्वचा यांच्या अपवर्तनांकांत जेवढा फरक आहे, त्यापेक्षा तेल आणि त्वचा यांच्यात पुष्कळच कमी आहे. त्यामुळे चकाकी घटते आणि तिळातील रंगाची बारीक जाळी दिसू लागते. पाहिलेले वहीत काढा, शेजारी पट्टी ठेवून माप लिहा आणि तारीख घाला. सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. ‘बदल’ ही कसोटी अशाच नोंदीवर लावता येते. आठवणीवर विसंबून लावता येत नाही.

मुंबई काय सांगते?

नोंदीचे मोल मुंबईइतके फार थोड्या शहरांना ठाऊक आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी डॉ. सूर्याबाई यांच्याबरोबर १९४५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांच्या चालीरीतींमुळे होणारे कर्करोग हा त्याचा विषय होता. त्यात त्यांनी ‘धोतराचा कर्करोग’ वर्णन केला. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कासलेल्या धोतरामुळे कमरेची कातडी घासली जाते, तिचा रंग बदलतो, ती जाड होते आणि क्वचित तेथे कर्करोग उद्भवतो. लुगड्याच्या व परकराच्या नाडीखालीही असे घडू शकते. २०२४ मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी भाग घेतलेल्या एका निबंधात अशा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली आहे. नाडी सैल बांधणे, किंवा जागा बदलणे, एवढा साधा हा प्रतिबंध. पण त्यासाठी कमरेवरच्या काळ्या पट्ट्याकडे कोणीतरी पाहिले पाहिजे!

पुढे १९६३ मध्ये मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहराच्या लोकसंख्येतील प्रत्येक रुग्ण टिपणारी अशी नोंदणी भारतात प्रथम येथेच झाली. तिच्या आकड्यांवरून दिसते, की मुंबईत मेलॅनोमा फार दुर्मिळ आहे. वर्षाला लाखात एकाहूनही कमी. ऑस्ट्रेलियात, जेथे गोऱ्या कातडीचे लोक कडक उन्हात राहतात, तेथे हेच प्रमाण लाखात पन्नासाच्या वर आहे. आपल्या त्वचेतील मेलॅनिनची छत्री ती एवढी उपयोगी.

मात्र या दिलाशाला दुसरी बाजू आहे. भारतीयांत मेलॅनोमा होतो तेव्हा तो बहुधा तेथे होतो, जेथे ऊन पोहोचत नाही : तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. तळपायावरचा काळा डाग कुरूप समजून, नखाखालचा डाग मार समजून, महिनोन् महिने दुर्लक्षिला जातो. जमैकाचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच मेलॅनोमा १९७७ मध्ये आढळला. १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी तो वारला. सावळ्या लोकांच्या नखांत काळसर उभ्या रेघा पुष्कळदा असतात आणि त्या साध्याच असतात. पण मोठ्या माणसाच्या एकाच नखात नवी रेघ येऊन ती रुंदावत असेल, किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला असेल, तर वाट पाहू नये.

मग सगळे तीळ आधीच काढून टाकले तर? तर्क आकर्षक वाटतो, पण टिकत नाही. बहुतेक मेलॅनोमा जुन्या तिळातून उगवत नाहीत. ते नितळ दिसणाऱ्या त्वचेतच उद्भवतात. एखाद्या तिळाचा एका वर्षात मेलॅनोमा होण्याची शक्यता चाळिशीच्या आतील माणसांत दोन लाखांत एकाहून अधिक नाही, असा अंदाज २००३ मधील एका अमेरिकन अभ्यासाने वर्तवला आहे. तोही गोऱ्या लोकांची संख्या अधिक असलेल्या देशात.

चुना, बिब्बा आणि घोड्याचा केस

घरगुती उपायांची आपल्याकडे कमतरता नाही. त्यांतले रसायन जरा तपासू.

चुना आणि सोडा कालवून तो लेप चामखिळीवर लावतात. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने विचार करावा : विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आणि धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. दोघांची पाण्यात गाठ पडली, की कॅल्शियम कार्बोनेटचा साका खाली बसतो आणि द्रावणात उरतो तो सोडियम हायड्रॉक्साइड, अर्थात दाहक सोडा! साबणाच्या कारखान्यात चरबी फोडतो तोच हा पदार्थ. अल्कली ऊतके विरघळवत खोल जाते. नेमके कोठे थांबायचे हे तिला ठाऊक नसते. चेहऱ्यावर कायमचा वण राहतो तो यामुळे.

बिब्बाही तसाच. आंबा आणि काजू यांच्या कुळातील या फळाचे तेल धोबी कपड्यांवर न पुसणारी खूण करण्यास वापरत. ते अंगावर ‘उतते’ हे खेड्यातील प्रत्येक आजीला माहीत असते. दुसऱ्या महायुद्धात येथे आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर चट्टे उठू लागले, तेव्हा शोध घेता कारण निघाले ते कॉलरवरची धोब्याची खूण! रुईचा चीक डोळ्याजवळ लावणे तर दृष्टीशी खेळणेच होय.

घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे ही युक्ती मात्र तर्काला धरून आहे. देठ आवळला, की रक्तपुरवठा तुटतो आणि दाणा सुकून पडतो. पण देठ जाड असेल तर जखम पिकते, आणि तो दाणा खरोखर काय होता हे कधीच कळत नाही. आजकाल घरपोच मिळणारी ‘तीळ घालवणारी’ मलमे हा याच माळेतला नवा मणी. तीळ घालवण्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचे एकही औषध आपण मान्य केलेले नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि विक्रेत्यांना ताकीद दिली.

काढायचाच झाला तर

तीळ काढण्यास कारण लागते. तो संशयास्पद असेल, दाढीत किंवा कपड्यात अडकून वारंवार दुखत असेल, किंवा दिसण्यामुळे खरोखर मनाला लागत असेल, तर ही सगळी कारणे रास्त आहेत. वर्गातील मुलांच्या चिडवण्यामुळे एखादी मुलगी गालावर ओढणी धरून बसत असेल, तर तिचा त्रास खोटा नसतो. मात्र अशा वेळी तिळाबरोबर चिडवणाऱ्यांचाही समाचार शिक्षकांनी घ्यावा.

पारख झाल्यावर उपाय ठरतो. देठाचे दाणे आणि गालावरचे काळे दाणे डॉक्टर विद्युत्‌सुईने काढू शकतात. चामखिळीवर सॅलिसिलिक आम्ल किंवा उणे १९६ अंश सेल्सियसचा द्रवरूप नायट्रोजन वापरतात. येथेही सावळ्या त्वचेचा विचार करावा लागतो. रंगपेशी थंडीला फार नाजूक असतात; इतर पेशी तग धरतात त्या तापमानाला त्या मरून जातात आणि मागे पांढरा डाग उरतो. छाती, खांदा, कानाची पाळी या जागी वण फुगून मोठा होण्याची भीती असते. एखाद्याला पूर्वी असा फुगीर वण झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

संशयास्पद तीळ मात्र जाळायचा नसतो; तो कापूनच काढायचा. जागा बधिर करून तिळाभोवती होडीच्या आकाराचा छेद घेतात. होडीची लांबी रुंदीच्या सुमारे तिप्पट ठेवतात. गोल का नाही? जुन्या कापडात एक गोल आणि एक होडीच्या आकाराचे भोक पाडा आणि दोन्ही शिवून पाहा. गोल भोकाच्या दोन्ही टोकांना चुण्या उभ्या राहतील, होडीची शिवण सपाट बसेल. शिंपी आणि शल्यविशारद येथे एकाच भूमितीचे विद्यार्थी आहेत.

काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. प्रयोगशाळेत तो मेणात बसवून मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतके पातळ काप घेतात, ते जांभळ्या व गुलाबी रंगांनी रंगवतात आणि विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून पेशी वाचतात. रंगपेशी घोळक्यात शांत बसल्या आहेत, की वरखाली सैरावैरा पसरल्या आहेत, हे तेथे कळते. जळालेल्या तिळाच्या बाबतीत हे पान कायमचे कोरे राहते.

यासाठी फार लांब जावे लागत नाही. महापालिकेची रुग्णालये उपनगरांतही आहेत. घाटकोपरला राजावाडी, विलेपार्ल्याला कूपर. तेथील बाह्यरुग्ण विभागात दाखवण्याचा खर्च पार्लरपेक्षा पुष्कळच कमी येतो.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आजी-आजोबांचे तळपाय उजेडात नीट पाहा. त्यांना स्वतःला ते वाकून दिसत नाहीत, आणि दुसरे कोणी पाहत नाही. शंभरांतल्या नव्याण्णव वेळा भेगा आणि कुरुपेच दिसतील. त्यांना तेल लावून द्या. आणि घरातले कोणी तीळ काढायला निघालेच, तर काढणाऱ्याला एकच प्रश्न विचारायला सांगा : ‘काढलेला तुकडा तपासायला कोठे पाठवणार?’ ज्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याच्या हाती सुई देऊ नये.